कॅनडाचं आतलं दार: ५०५ गुणांच्या एका फाइलीचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर २०२१ मध्ये स्टडी परमिटवर कॅनडात उतरलेली एक मुलगी. मायदेशात तीन वर्षांची पदवी झालेली, त्यानंतर दोन वर्षं नोकरी केलेली. कॅनडातल्या कॉलेजात तिने दोन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण केला. जुलै २०२३ च्या अखेरीस तीन वर्षांचं वर्क परमिट हाती आलं आणि लगेच कुशल कामाच्या श्रेणीत बसणारी नोकरीही मिळाली. इंग्रजी उत्तम. लग्न झालेलं नाही. जुलै २०२४ अखेर नोकरीला एक वर्ष पूर्ण झालं आणि तिने पीआरसाठी, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी, प्रोफाइल टाकली. तेव्हा वय २९, गुण ५०५. परमिट संपणार जुलै २०२६ मध्ये.

ही मुलगी मी अभ्यासासाठी उभी केली आहे. तिच्याभोवतीचे नियम, तारखा, गुण आणि कटऑफ मात्र खरे आहेत, आणि तिच्यासारख्या फाइली हजारोंनी आहेत. हेच प्रकरण निवडण्याचं कारण सांगतो. परदेशी स्थायिक होण्याची चर्चा बहुतेक वेळा ‘कोणता देश चांगला’ आणि ‘व्हिसा कुठला सोपा’ या दोन प्रश्नांवरच संपते. ही मुलगी त्या दोन्ही प्रश्नांच्या पुढे गेली आहे. देश निवडला, व्हिसा मिळाला, शिक्षण झालं, नोकरी लागली, कर भरते आहे. तिचा अडथळा त्यानंतर सुरू होतो आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

ओढ कुठे आहे

गॅलप ही संस्था जगभरच्या प्रौढांना वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आली आहे: संधी मिळाली तर तुम्ही कायमचं दुसऱ्या देशात जाल का, आणि गेलात तर कुठे? २०२१ च्या पाहणीत १६ टक्के लोकांनी ‘जाऊ’ असं उत्तर दिलं. जगाच्या हिशोबात ही संख्या ९० कोटींच्या आसपास भरते. त्यातल्या १८ टक्के लोकांनी अमेरिकेचं नाव घेतलं. त्याखालोखाल कॅनडा, सुमारे ८ टक्के. जर्मनी त्याच्या अगदी जवळ.

८ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्याचे ७ कोटींहून अधिक लोक होतात. कॅनडाची स्वतःची लोकसंख्या जून २०२३ मध्ये ४ कोटींवर पोचली. यायची इच्छा असलेली माणसं देशातल्या माणसांपेक्षा जास्त आहेत.

इच्छा आणि प्रत्यक्ष स्थलांतर यांत मोठी दरी असते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक ३० कोटी ४० लाख होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. यात निर्वासितही आले आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या देशात राहिलेलेही आले. जायची इच्छा असणारे ९० कोटी आणि बाहेर असणारे ३० कोटी हे दोन आकडे शेजारी ठेवले की अडथळ्यांचा एकूण आकार लक्षात येतो.

कॅनडाला जी पसंती मिळाली, तिचं मोठं श्रेय अमेरिकेच्या अडचणींना जातं. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं दिली जातात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे त्यातली ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. ही रचना १९९० च्या कायद्यातली आहे आणि ती आजही तशीच आहे. त्यामुळे भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग दशकांमध्ये मोजावी लागते. मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून गळण्याची टांगती तलवार असते. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बी धारकांसाठी १० हजार अर्जांची खास वर्क परमिट योजना उघडली. दोन दिवसांच्या आत ती भरून बंद झाली. अमेरिकेत स्थिरावलेली, चांगल्या पगाराची माणसंही किती अस्वस्थ होती, हे त्या दोन दिवसांत दिसलं.

कॅनडाने याच्या अगदी उलट काही देऊ केलं होतं. गुण मोजा, यादीत या, निमंत्रण आलं की अर्ज करा, सहा महिन्यांत निकाल. तुम्ही कुठे जन्मलात याने काही फरक पडत नाही. १९६७ पासून कॅनडा गुणांवर माणसं निवडतो आहे आणि जानेवारी २०१५ मध्ये एक्सप्रेस एन्ट्री आल्यावर ती निवड संगणकावर, सर्वांना दिसेल अशी झाली. मला स्वतःला ही पद्धत आजही जगातल्या सर्वांत प्रामाणिक पद्धतींपैकी एक वाटते. नियम लिहिलेले आहेत, प्रत्येक ड्रॉचा, म्हणजे यादीतल्या वरच्यांना निमंत्रणं पाठवण्याच्या फेरीचा, कटऑफ जाहीर होतो, वशिल्याला जागा फार कमी आहे. म्हणूनच तिची दुखरी जागा नीट समजून घ्यायला हवी.

५०५ कसे झाले

एकूण गुण १२००. त्यातले ६०० एखाद्या प्रांताने नामनिर्देशन दिलं, म्हणजे ‘ही व्यक्ती आम्हाला हवी’ असं सुचवलं, तरच मिळतात, त्यामुळे बहुतेकांची लढाई उरलेल्या ६०० मध्येच चालते.

आपल्या उमेदवाराचा हिशोब असा. वय २९, त्याचे ११०. एकट्या अर्जदाराला वयाचे याहून जास्त गुण मिळतच नाहीत. मायदेशातली पदवी अधिक कॅनडातला डिप्लोमा, असं दुहेरी शिक्षण, त्याचे १२८. इंग्रजीत चारही कौशल्यांत सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे भाषा मोजण्याची कॅनडाची पातळी), त्याचे १२४. कॅनडातल्या कामाचं एक वर्ष, ४०. इथवर ४०२. मग जोडगुण येतात: शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे ५०, परदेशातली दोन वर्षांची नोकरी आणि भाषा यांचे २५, तीच नोकरी आणि कॅनडातलं एक वर्ष यांचे १३. कॅनडात दोन वर्षं शिकल्याचे १५. बेरीज ५०५.

या गुणपत्रिकेत नाव ठेवायला जागा नाही. भाषेची परीक्षा देणाऱ्यांना विचारा, सीएलबी ९ साठी आयल्ट्समध्ये ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७ आणणं म्हणजे काय असतं. अनेकांची फाइल त्या एका ऐकण्याच्या पेपरवर अडकते. हिने तो टप्पाही पार केला.

आता याच ५०५ गुणांना वेगवेगळ्या वर्षांत काय किंमत होती ते पाहू. २०१९ मध्ये सर्वसाधारण ड्रॉचा कटऑफ साधारण ४४० ते ४७५ च्या पट्ट्यात होता, म्हणजे ५०५ वाल्याला पहिल्याच ड्रॉमध्ये निमंत्रण. ऑगस्ट २०२३ च्या मध्यावर झालेल्या ड्रॉमध्ये कटऑफ ४९६ वर होता, तेव्हाही निमंत्रण. २७ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे हिची प्रोफाइल यादीत येऊन महिना झाला असताना, कॅनडात अनुभव घेतलेल्यांच्या ड्रॉचा कटऑफ ५०७ गेला.

दोन गुण कमी पडले.

७५ गुणांचा दिवस

ही मुलगी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये निघाली. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला झालेला एक ड्रॉ आठवला नाही, तर ती कोणत्या भरवशावर निघाली ते कळणार नाही.

महासाथीमुळे सीमा बंद होत्या. सरकारने त्या वर्षी ४ लाख १ हजार लोकांना पीआर द्यायचं ठरवलं होतं आणि बाहेरून माणसं येऊ शकत नव्हती. मग देशात आधीच असलेल्यांकडे मोर्चा वळला. त्या दिवशी कॅनडात कामाचा अनुभव असलेल्या २७,३३२ जणांना एकाच ड्रॉमध्ये निमंत्रणं गेली आणि कटऑफ होता ७५. म्हणजे यादीत नाव असलेल्या जवळपास सगळ्यांना. वर्षअखेर पीआर मिळालेल्यांची संख्या ४ लाख ५ हजारांवर गेली आणि १९१३ पासूनचा विक्रम मोडला.

सरकारसाठी ती एका विचित्र वर्षातली तडजोड होती. जगभरच्या तरुणांनी मात्र तिचा अर्थ सरळ लावला: कसंही करून आत पोचा, आत असलेल्यांना मिळतं. एजंटांनी हाच अर्थ विकला. कॉलेजांनाही तो सोयीचा होता, कारण परदेशी विद्यार्थ्याची फी त्यांच्या अंदाजपत्रकाचा कणा बनली होती. २०२३-२४ मध्ये पदवी अभ्यासक्रमाला परदेशी विद्यार्थ्याची सरासरी वार्षिक फी ३८ हजार कॅनडियन डॉलरच्या आसपास होती, कॅनडातल्या विद्यार्थ्याची सुमारे ७ हजार. सर्वांत जास्त लोकसंख्येच्या ऑन्टॅरिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी करून गोठवली होती. पडलेली तूट कोणी भरायची, हे वेगळं सांगायला नको.

२०२२ च्या अखेरीस कॅनडात परदेशी विद्यार्थी ८ लाखांच्या वर होते. २०२३ च्या अखेरीस १० लाखांच्या वर. याच काळात पीआरची उद्दिष्टंही चढत होती: २०२५ साठी ५ लाखांचं लक्ष्य जाहीर झालं होतं. ते वाचून घर गहाण ठेवणाऱ्या माणसाला मी बेफिकीर म्हणणार नाही. एका सरकारचा लेखी आराखडा त्याच्यासमोर होता.

जागा किती, माणसं किती

या प्रकरणाचं मर्म मला या हिशोबात दिसतं. कॅनडा वर्षाला किती लोकांना पीआर देणार याचा आकडा आधीपासून ठरलेला असे. किती विद्यार्थी येणार, किती तात्पुरते कामगार येणार, याला मात्र मर्यादाच नव्हती. खालची तोटी पूर्ण उघडी, वरची मोजून थेंब सोडणारी.

२०२३ च्या अखेरीस शिक्षणानंतरचं वर्क परमिट हातात असलेले लोक जवळपास ४ लाख होते. २०२४ च्या आराखड्यात केंद्राच्या कुशल कामगार वर्गासाठी १ लाख १० हजारांच्या आसपास जागा होत्या आणि प्रांतांच्या वाट्याला आणखी तेवढ्याच. या जागांमध्ये अर्जदाराचे पती, पत्नी आणि मुलंही मोजली जातात, म्हणजे प्रत्यक्ष निवडलेले अर्जदार आणखी कमी. शिवाय त्याच जागांसाठी देशाबाहेरून अर्ज करणारे, एलएमआयएवर (परदेशी कामगार घ्यायला मालकाला मिळणाऱ्या सरकारी मंजुरीवर) आलेले कामगार, परिचारिका, फ्रेंच भाषक हे सगळे स्पर्धेत. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही दिसेल की परमिटं संपेपर्यंत या ४ लाखांतल्या मोठ्या हिश्श्याला जागा मिळणं शक्य नव्हतं. हे गणित सरकारकडे होतं, कॉलेजांकडे होतं. विद्यार्थ्यांना ते कोणी मांडून दाखवलं नाही.

व्हिसाच्या अर्जातली एक विसंगतीही याच जागी बोचते. स्टडी परमिट मागताना अधिकाऱ्याला पटवायचं असतं की मुदत संपल्यावर मी कॅनडा सोडून जाईन. तसं न पटल्यामुळे कितीतरी अर्ज फेटाळले जातात. त्याच देशाचा कायदा कायम राहण्याची इच्छा मनात ठेवून तात्पुरतं येणंही मान्य करतो. आणि त्याच देशाची गुणपद्धत कॅनडात शिकल्याचे, कॅनडात काम केल्याचे गुण देते, म्हणजे राहण्यासाठीच बोलावते. मुलगा किंवा मुलगी दोन कागदांवर दोन गोष्टी लिहिते आणि दोन्ही खऱ्या असतात. माझ्या मते धोरणातली सर्वांत अप्रामाणिक जागा ही आहे. ‘शिका आणि जा’ किंवा ‘शिका आणि राहा’, यातलं एक स्पष्ट सांगितलं असतं तर माणसांनी त्याप्रमाणे आयुष्य बेतलं असतं.

कॅनडातल्या लोकांची बाजूही खरी आहे, ती बाजूला सारून चालणार नाही. २०२३ मध्ये देशाची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली, १९५७ नंतरची सर्वांत वेगवान वाढ. घरं तेवढी बांधली गेली नव्हती. घरबांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२२ मध्येच सांगितलं होतं की घरं पुन्हा परवडायची तर २०३० पर्यंत, ठरलेल्या वेगापेक्षा ३५ लाख घरं जास्त लागतील. एन्व्हायरॉनिक्स या संशोधन संस्थेच्या पाहणीत ‘स्थलांतर फार झालं’ असं म्हणणारे २०२२ मध्ये २७ टक्के होते, २०२३ मध्ये ४४ आणि २०२४ मध्ये ५८. दोन वर्षांत एखाद्या समाजाचं मत इतकं फिरतं, तेव्हा त्यामागे नुसता द्वेष नसतो. भाड्याच्या खोलीसाठी तिथले तरुण आणि बाहेरून आलेले तरुण एकाच ओळीत उभे होते.

मग निर्णयांची माळ लागली. १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याने दाखवायची राहणीखर्चाची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ डॉलर झाली. त्याच महिन्यात स्टडी परमिटांवर पहिल्यांदा मर्यादा आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जलद विद्यार्थी व्हिसाची योजना एका दिवसात बंद झाली. शिक्षणानंतरच्या वर्क परमिटला भाषेची आणि अभ्यासविषयाची अट लागली. विद्यार्थ्यांच्या जोडीदारांची वर्क परमिटं आधी आखडली, मग जानेवारी २०२५ पासून आणखी आखडली. आणि २४ ऑक्टोबर २०२४ ला सर्वांत मोठा घाव बसला: २०२५ चं पीआरचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजार, पुढच्या वर्षी ३ लाख ८० हजार, त्यापुढे ३ लाख ६५ हजार. प्रांतांच्या वाट्याच्या जागा १ लाख १० हजारांवरून थेट ५५ हजारांवर आल्या.

तिची दोन वर्षं

पुन्हा त्या फाइलीकडे येऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन गुण कमी पडले. सप्टेंबरमध्ये कटऑफ ५०९. ऑक्टोबरमध्ये एकदम ५३९, कारण निमंत्रणं हजारांवरून शेकड्यांवर आली. त्याच ऑक्टोबरमध्ये ती ३० वर्षांची झाली आणि वयाचे ५ गुण गेले. आता ५००.

पहिल्या वर्षात जे कष्ट केले ते कागदावर तसेच आहेत, फक्त एक वाढदिवस गेला. ही पद्धत आणि अमेरिकेची पद्धत यांतला खरा फरक इथे आहे. अमेरिकेत रांग आहे: ती कितीही लांब असो, तुमची तारीख तुमचीच राहते, तुमच्या देशाच्या आणि श्रेणीच्या रांगेत नंतर आलेला माणूस तुमच्या पुढे उभा राहत नाही. कॅनडात रांग नाही, गुणवत्ता यादी आहे. ती रोज नव्याने लागते. दोन वर्षं थांबलेल्याला थांबल्याबद्दल काहीही मिळत नाही आणि काल आलेला ५४० वाला सरळ पुढे जातो. निवड म्हणून ते समर्थनीय असेल, पण थांबणाऱ्याच्या आयुष्यात त्याचा अर्थ असा की वाट पाहणं हीच एक झीज आहे.

मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे जादा गुण रद्द झाले. तिला ते मिळतच नव्हते, त्यामुळे तिचं नुकसान झालं नाही. खरं तर थोडा फायदाच झाला, कारण या ५० गुणांसाठी काही मालक आणि दलाल एलएमआयए चक्क विकत होते. ज्यांनी पैसे मोजून हे गुण घेतले त्यांचे पैसे बुडाले, आणि त्यात फसवणूक करणारे जसे होते तसे हतबल झालेलेही होते.

जुलै २०२५ अखेर नोकरीची दोन वर्षं पूर्ण झाली. कॅनडातल्या अनुभवाचे गुण ४० वरून ५३ झाले, जोडगुण पूर्ण १०० झाले, बेरीज ५२५. याच महिन्याच्या सुरुवातीला, ८ जुलैला, कटऑफ ५१८ होता. तेव्हा तिची दोन वर्षं भरायला तीन आठवडे बाकी होते. ऑगस्टमध्ये कटऑफ ५३४ वर गेला आणि शरद ऋतूभर ५३१ ते ५३४ मध्ये राहिला, कारण प्रत्येक ड्रॉला साधारण हजारच निमंत्रणं होती. ऑक्टोबरमध्ये ३१ वा वाढदिवस, आणखी ६ गुण कमी. ५१९.

पुढचंही मांडता येतं. जुलै २०२६ मध्ये तिसरं वर्ष भरेल तेव्हा अनुभवाचे ११ गुण वाढून बेरीज ५३० होईल, आणि त्याच सुमारास परमिट संपेल. समजा तिला आणखी मुदत मिळाली, तर चौथ्या वर्षाचे ८ गुण मिळतील आणि वयाचे ५ जातील. पाचव्या वर्षी ८ मिळतील, ६ जातील. त्यापुढे अनुभवाचे गुण वाढतच नाहीत, वयाचे मात्र कमी होत राहतात आणि ४५ व्या वर्षी शून्यावर येतात. म्हणजे नुसतं थांबून, नुसतं इमानाने काम करून तिचे गुण ५३५ च्या पुढे कधीच जाणार नाहीत. ‘थांब, होईल’ असं सांगणारे हितचिंतक हे गणित करून बघत नाहीत.

गुणांबाहेरचे अडथळे

पैशाचा अडथळा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर फार लिहीत नाही. पीआरची सरकारी फी एप्रिल २०२४ मध्ये १,५२५ डॉलर झाली आणि एवढ्या प्रवासात ती सर्वांत छोटी रक्कम ठरते.

पदवी ओळखली न जाण्याचा अडथळा जास्त खोल आहे. गुणपद्धत डॉक्टरला, इंजिनिअरला भरपूर गुण देते, पण व्यवसायाचं लायसन्स प्रांतातल्या परिषदेच्या हातात असतं. देश एका हाताने निवडतो आणि दुसऱ्या हाताने अडवतो. परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरला रेसिडेन्सीची जागा मिळेपर्यंत वर्षं जातात, आणि दरम्यान तो भलतंच काम करत असतो. ऑन्टॅरिओने डिसेंबर २०२३ पासून नियंत्रित व्यवसायांत ‘कॅनडातला अनुभव हवा’ ही अट घालायला मनाई केली. हा चांगला निर्णय आहे, पण एका प्रांताचा.

आपल्या उमेदवाराच्या बाबतीत हा अडथळा वेगळ्या रूपात आला असता. तिच्या बरोबरीच्या अनेकांना शिक्षणानंतर जे काम मिळालं ते दुकानात, गोदामात, हॉटेलच्या काउंटरवर. ते काम कुशल श्रेणीत बसत नाही, म्हणून कॅनडातल्या अनुभवाचे गुण शून्य. मे २०२४ मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंड या छोट्या प्रांतात परदेशी कामगार उपोषणाला बसले होते. प्रांताने विक्री आणि सेवा क्षेत्रातल्या लोकांना द्यायची नामनिर्देशनं अचानक कमी केली होती, आणि ती मिळतील या आशेवरच ही मंडळी तिथे येऊन राहिली होती.

बनावट ऑफर लेटरचं प्रकरणही इथेच नोंदवायला हवं. २०२३ मध्ये भारतातल्या अनेक विद्यार्थ्यांना, काहींना तर शिकून नोकरीला लागल्यावर, कळलं की ज्या पत्रावर आपण आलो ते एजंटने बनावट तयार केलं होतं. त्यानंतर, डिसेंबर २०२३ पासून, प्रत्येक पत्र कॉलेजकडून तपासून घेण्याची सोय झाली. इतकी वर्षं ती का नव्हती, हा प्रश्न मला सतावतो. तपासणी एका ईमेलची होती, आणि ती नसल्याची किंमत विशी-बाविशीतल्या मुलांनी हद्दपारीच्या नोटिशीच्या रूपाने मोजली.

आता तिच्यापुढे काय आहे

हा अभ्यास मी नोव्हेंबर २०२५ पाशी थांबवतो. परमिटचे आठ महिने उरले आहेत, गुण ५१९.

पहिला मार्ग भाषेचा. आयल्ट्सचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा तशीही पुन्हा द्यावीच लागणार. सीएलबी ९ वरून १० वर गेली तर १२ गुण वाढून ५३१ होतात. म्हणजे या शरद ऋतूतल्या सर्वांत खालच्या कटऑफला जेमतेम हात लागतो.

दुसरा मार्ग फ्रेंचचा, आणि माझ्या मते तिने तो २०२१ मध्येच धरायला हवा होता. क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताबाहेर फ्रेंच भाषक वाढवणं हे सरकारचं जाहीर धोरण आहे. मार्च २०२५ मध्ये फ्रेंच भाषकांच्या ड्रॉमध्ये ७,५०० निमंत्रणं गेली आणि कटऑफ होता ३७९. चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली तर तिला ५० जादा गुण आणि दुसऱ्या भाषेचे १२ मिळतील. शून्यापासून तिथवर पोचायला नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं सहज जातात. आठ महिन्यांत ते जमणं फार कठीण आहे, आणि हे तिला आजच स्पष्ट सांगायला हवं. तरी परत जावं लागलं तरी फ्रेंच वाया जात नाही, कारण अर्ज देशाबाहेरूनही करता येतो.

तिसरा मार्ग प्रांताचा. नामनिर्देशन मिळालं तर ६०० गुण आणि प्रश्न संपला. नोव्हेंबर २०२५ च्या नव्या आराखड्यात २०२६ साठी प्रांतांच्या जागा पुन्हा ९१,५०० पर्यंत वाढवल्या आहेत. तिच्यासाठी ही या वर्षातली सर्वांत आशेची ओळ आहे. त्यासाठी मोठं शहर सोडून, तिच्या कामाची गरज असलेल्या प्रांतात जाऊन, तिथल्या मालकाकडे काही महिने काम करावं लागेल. काही प्रांत जागा मोजक्या क्षेत्रांनाच देतात: आरोग्य, बांधकाम, बालसंगोपन. तिचं काम त्यात बसतं का, हे प्रांताच्या यादीवरून आधी बघायचं, घर नंतर सोडायचं.

त्याच आराखड्यात आणखी एक गोष्ट आहे. २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांत मिळून ३३ हजार वर्क परमिटधारकांना एका वेळच्या सवलतीने पीआर देण्याचं सरकारने म्हटलं आहे. २०२३ च्या अखेरीस केवळ शिक्षणानंतरच्या वर्क परमिटवर असलेल्यांची संख्या चार लाखांच्या जवळ होती.

सल्ल्यासाठी ती कुणाकडे गेली, तर परवानाधारक सल्लागार किंवा वकील आहे ना, एवढं तिने सरकारी नोंदवहीत स्वतः पाहावं. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार परवाना नसलेल्याला नाही. आणि ‘कटऑफ उतरणार आहे, थांबा’ असं खात्रीने सांगणाऱ्याला विचारावं, की फेब्रुवारीत ५२१, मेमध्ये ५४७ आणि जुलैत ५१८ असा कटऑफ ज्या एकाच वर्षात गेला, त्यातला कुठला आकडा त्याने आधी सांगितला होता.

परमिटची मुदत ३१ जुलै २०२६ ची धरली, तर प्रांताकडे अर्ज, तिथला निर्णय, मग ड्रॉ आणि पीआरची फाइल, या क्रमाला लागणारा वेळ उलटा मोजत आलं की नव्या प्रांतातली नोकरी तिला जानेवारीच्या आत धरायला हवी. सध्याच्या मालकाला नोटीस द्यायची तर ती याच महिन्यात.